प्रतिसाद: तुक्का नव्हता तो!

वर कोणीतरी एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल स्पर्धा) टोरांटोच्या लेनर्डच्या २०१९ च्या त्या शेवटच्या बास्केटला ‘निव्वळ तुक्का’ म्हटलं. काहून बाप्पा? मालिकेचा निर्णायक सातवा सामना, स्कोअर ९०-९०, हाती ४.२ सेकंद, अन् अंगावर फिलाडेल्फियाचा सात फुटी एम्बीड हात वर करून आलेला. त्याच्या बोटांवरून काढायचा तर बॉल उंचच फेकावा लागतो. उंचावरून उतरला म्हणून तर रिंगवर मऊ टप्पे घेत राह्यला. सपाट मारला असता तर पहिल्याच टप्प्याला बाहेर.

आपल्याकडं तेव्हा १३ मेची सकाळ. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात लाइनचा भरवसा नाही, म्हणून अंगणातल्या बाजेवर भाच्याच्या मोबाइलभोवती आम्ही चौघं. तिसऱ्या टप्प्याला नेट अडकलं! ते गोल फिरणारं चक्र पाहत बसलो, बशीतल्या चहावर साय धरली. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आरोळी. त्याचं नेट आमच्यापुढं, मेल्याचं. चौथा टप्पा आम्हाला त्यानंतर दिसला, तरी ओरडायचे ते ओरडलोच.

टोरांटो ९२, फिलाडेल्फिया ९०. अन् आजी हातातल्या पऱ्हाट्या टाकून धावत आली, “साप निंघाला का रे?”