शब्दचर्चा: ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठची

मंडळी, जरा मदत हवीय. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या, म्हणजे पासपोर्ट तपासणीच्या, रांगेतून लवकर सुटायच्या सोयींबद्दल लिहितेय, म्हणजे अमेरिकेची ग्लोबल एन्ट्री आणि आपल्याकडचं ते एफटीआय-टीटीपी (फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम). वाचणारे बरेचसे सत्तरीच्या आसपासचे, अर्धं वर्ष लेकीकडे न्यू जर्सीत आणि अर्धं पुण्या-सांगलीत. इंग्रजी येत नाही असं नाही, पण मराठी लेखात दर दोन ओळींनी ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’ आला की वाचायचा कंटाळा येतो. मी ‘विश्वासू प्रवासी योजना’ लिहिलं तर संपादक काकांनी समासात लाल पेनाने लिहून पाठवलं, ‘विश्वासू? घरगडी आहे का?’ तर ट्रस्टेड ट्रॅव्हलर आणि फास्ट ट्रॅक इमिग्रेशनला शब्द सुचवा. आणि क्रियापद पण सांगा, ग्लोबल एन्ट्री काढतात, घेतात, मिळते की होते? आमच्याकडे चारही ऐकू येतात.

जुनंबाड

काकांचं बरोबर आहे. विश्वासू हे विशेषण वरचा माणूस खालच्याला लावतो. विश्वासू नोकर, विश्वासू सरदार, विश्वासू कुत्रा. त्यात बरीच वर्षं एकाच दाराशी राहणं आलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी आपली कसली आलीय निष्ठा. विश्वासार्ह म्हणजे विश्वास ठेवायला लायक, बातमी विश्वासार्ह असते, आकडेवारी असते, माणूसही असतो, ते चालेल. फक्त विश्वस्त लिहू नका, ते देवस्थानाचे.

एडिसनचा बंड्या

अहो ताई कशाला त्रास घेताय, ग्लोबल एन्ट्रीच लिहा, सगळे तेच म्हणतात. माझ्या सासूबाईंना आप्रवासन म्हटलं तर त्या विचारतील प्रवास ‘आ’ का झाला, पण इमिग्रेशन म्हटलं की लगेच कळतं. क्रियापद ‘काढणे’. पासपोर्ट काढला, दाखला काढला, तिकीट काढलं, ग्लोबल एन्ट्री काढली.

कृष्णाकाठची

बंड्या, पण व्हिसा आपण काढत नाही ना? व्हिसा ‘मिळाला’ म्हणतो किंवा ‘आला’, नाहीतर ‘झाला’, आणि नाही मिळाला तर ‘रिजेक्ट झाला’. काढणे आपण तिथं वापरतो जिथं कागद पूर्ण दिले की गोष्ट हातात पडणार हे धरलेलं असतं. ग्लोबल एन्ट्रीत तसं आहे का? नाकारतातही की.

ट्रान्सपोर्टवाला_कोल्हापूर

हसू नका पण आमच्या धंद्यात ‘एन्ट्री’ म्हणजे वेगळंच हां. महिन्याची एन्ट्री दिली की नाक्यावर गाडी अडवत नाहीत 😀 पावती मिळत नाही एवढाच फरक. म्हणून गल्लीतल्या पोराने ‘ग्लोबल एन्ट्री भरली, एकशेवीस डॉलर’ म्हटलं तेव्हा मला वाटलं तिकडं पण चालू झालं की काय.

कावेरी_डब्लिन

ट्रान्सपोर्टवाले काका 😂 पण खरं तर तुमच्या विनोदातच मूळ प्रश्न आहे. हे पैसे नेमके कशाचे ते कळलं की शब्द आपोआप ठरेल असं मला वाटतं.

बघा, १२० डॉलर (१ ऑक्टोबर २०२४ च्या आधी १०० होते) अर्ज करतानाच भरायचे, नाकारलं तर परत नाहीत. म्हणजे ही प्रवेशाची किंमत नाही, रांग ओलांडायची पण नाही, तुमची चौकशी करण्याचा खर्च आहे. बोटांचे ठसे, गुन्ह्यांचं रेकॉर्ड, पूर्वी कस्टम्समध्ये काही सापडलं होतं का, सगळं बघतात, मग ‘कंडिशनल अप्रूव्हल’ येतं, मग मुलाखत. मुलाखत नोंदणी केंद्रात किंवा परदेशातून उतरल्यावर त्याच विमानतळावरही देता येते. भारतीय पासपोर्टवाल्यांना तर जास्तीचा टप्पा. २०१७ पासून भारतीय नागरिकांना ही सोय आहे पण त्यासाठी पासपोर्ट सेवाच्या पोर्टलवर वेगळा अर्ज, ५०० रुपये, आणि आपल्या पोलिसांची पडताळणी.

माझ्या भावाच्या वेळी तो टेक्सासमध्ये आणि हवालदार साहेब मिरजेच्या घरी. बाबांनी चहा दिला, त्यांनी फाईल उघडली, मुलगा इथं कधीपासून राहत नाही, कुठं नोकरी करतो, लाईट बिल दाखवा, शेजारचे दोघे बोलवा. मग म्हणाले, ‘पासपोर्ट तर आहे ना त्याच्याकडे, मग आता कशाचं?’ बाबांना सांगताच येईना. म्हणाले, ‘अमेरिकेत रांग लावायला लागू नये म्हणून.’ हवालदार साहेब थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, ‘त्यासाठी मी मोटरसायकलवरून आलो होय.’

तर सांगायचं हे, की नावात विश्वास आहे पण मुळात ही आधीच करून ठेवलेली तपासणी आहे. म्हणून माझा शब्द ‘पूर्वपडताळणी झालेला प्रवासी’, नाहीतर सुटसुटीत ‘पडताळलेला प्रवासी’. क्रियापद ‘मंजूर होणे’. काढणे नको.

आळंदीकर७

मला हे पटत नाही. शेवटी पैसेवाल्यांची वेगळी रांगच की. त्र्यंबकेश्वरला २०० रुपये भरून लवकर दर्शन, तसंच हे. भाषेत सरळ ‘सशुल्क जलद प्रवेश’ म्हणा, उगाच पडताळणी वगैरे सोवळं नेसवू नका.

कावेरी_डब्लिन

नाही हो, देवळात २०० रुपये देणाऱ्याला तुम्ही कोण, कुठले, पूर्वी काय केलं असं कोणी विचारत नाही. इथं १२० डॉलर द्यायची ऐपत असलेल्याला पण जुनी एखादी कस्टम्सची भानगड असेल तर नाही म्हणतात. पैसे टाकले की काम, असं असतं ते मुंबईचं ‘प्रणाम’ किंवा दुबईचं ‘मरहबा’, विमानतळावर माणूस नावाची पाटी घेऊन उभा राहतो, बॅग घेतो, वेगळ्या रांगेने नेतो. ते सशुल्क जलद, खुशाल म्हणा. पण तिथंही अधिकारी पासपोर्ट बघायचा तेवढा बघतोच.

आणि भारताचं एफटीआय-टीटीपी तर फुकट आहे, मग त्याला सशुल्क कसं म्हणणार? नावात ‘फास्ट ट्रॅक’ आहे त्याला पैसे नाहीत आणि ज्याला पैसे आहेत त्याच्या नावात ‘फास्ट’ हा शब्दच नाही. गंमत आहे की नाही.

आळंदीकर७

ऐपतीचा मुद्दा उरतोच. काही अमेरिकन क्रेडिट कार्डं ते १२० डॉलर परत करतात, म्हणजे ज्याच्याकडे भारी कार्ड त्याला फुकट. बाकी ठीक, सशुल्क मागे घेतो.

दप्तरखान्यातला

जुने शब्द कोणी काढले नाहीत म्हणून मी. राहदारी. आज रहदारी म्हणजे ट्रॅफिक, पण जुन्या कागदांत राहदारी म्हणजे वाटेवर द्यायचा कर, आणि पुढं जाऊ द्यावं असा परवानाही. दुसरा शब्द दस्तक. हिंदीमुळे आता दार ठोठावणे एवढंच राहिलंय पण दस्तक म्हणजे चौकी-पहाऱ्यांना दाखवायचं पत्र, की या माणसाला, या मालाला अडवू नका. त्यातलं ठरलेलं वाक्य ‘कोणी मुजाहीम न होणे’, म्हणजे आडवं येऊ नका. बंगालमध्ये १७१७ च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला जकातमाफीची सवलत मिळाली, मग कंपनीची दस्तकं तिथले नोकर स्वतःच्या खाजगी मालाला लावायला लागले, त्यावरून नवाबाशी वाजलं आणि पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तर ‘दस्तकी प्रवासी’ कसं वाटतं?

एडिसनचा बंड्या

भारी वाटतं पण सासूबाई म्हणतील दस्त नोंदणी आहे का 😀

जुनंबाड

दस्तक सुंदरच, लेखात एक परिच्छेद नक्की द्या, पण योजनेच्या नावात नको. दस्तक दुसऱ्या कोणी दिलेलं पत्र होतं, ते बरोबर न्यायचं. इथं ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड विमानतळावर कोणी मागतसुद्धा नाही, ते जमिनीवरच्या नाक्यांवर, कॅनडा-मेक्सिकोच्या बाजूने आत येताना कामाला येतं. विमानतळावर तुमचा चेहराच दस्तक. पूर्वी मशिनवर पासपोर्ट ठेवायचा, चार बोटं काचेवर, मग पावती निघायची. आता कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की बऱ्याच ठिकाणी काम होतं.

आणि ‘ग्लोबल’चं पण बघा कोणीतरी. जागतिक प्रवेश असं भाषांतर मी एका व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये पाहिलं, त्यात लिहिलेलं की यावर जगात कुठंही लवकर सोडतात. साफ खोटं. ही फक्त अमेरिकेत शिरतानाची सोय आहे. लंडनला उतरलात तर सगळ्यांसारखेच रांगेत.

कावेरी_डब्लिन

अगदी. एक पुरवणी, अमेरिकेची तपासणी अमेरिकेबाहेर होते अशी काही ठिकाणं आहेत, आमचं डब्लिन, शॅनन, कॅनडातले विमानतळ आणि अबू धाबी. मुंबईहून अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, तिथंच अमेरिकेचा अधिकारी भेटतो, तिथंच ग्लोबल एन्ट्री वापरायची, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत विमानातून आल्यासारखं सरळ बॅग घ्यायला. २०१४ पासून आहे ते तिथं. याला ‘प्रीक्लिअरन्स’ म्हणतात, मराठीत ‘निघण्याआधीची तपासणी’ पुरे.

कृष्णाकाठची

वा, हे लेखात घालतेच. प्रीचेकचं काय? लोक फार गोंधळतात.

एडिसनचा बंड्या

प्रीचेक म्हणजे अमेरिकेत विमानात चढण्याआधीची सिक्युरिटीची वेगळी रांग, जिथं बेल्ट-लॅपटॉप काढायला लागत नाही. ग्लोबल एन्ट्री देशात शिरतानाची. ग्लोबल एन्ट्री असली की प्रीचेक त्यातच मिळतं, उलटं नाही. पण तिकीट काढताना ग्लोबल एन्ट्रीचा सभासद नंबर घालायला लागतो, नाही घातला तर बोर्डिंग पासवर येत नाही आणि मग काउंटरवर भांडत बसा.

मालवणी_मासा

शब्द ऱ्हवले बाजूक, पण ताई, लेखात खाण्याचं लिवा! हे कार्ड म्हणजे कस्टम्समधून पण सुटका, असा समज असता लोकांचो. उलट आसा. ताजो कढीपत्तो अमेरिकेत आणूक बंदी, लिंबाच्या झाडांचो रोग पसरवणारी कीड त्यावरना येता म्हणान. साध्या माणसाने न सांगता आणलो तर फेकून देतत नायतर दंड. कार्डवाल्याने न सांगता आणलो तर दंडाबरोबर कार्ड पण जाता. पाच वर्षाचो विश्वास एका जुडीत खलास.

जुनंबाड

म्हणजे विश्वासू नाहीच, जामिनावर सुटलेला 😄

ट्रान्सपोर्टवाला_कोल्हापूर

जामिनावरचा प्रवासी! काका, हा घ्या शब्द.

कावेरी_डब्लिन

मजा सोडा, पण ‘पडताळलेला’मध्ये हेच येत नाही हे खरं. पडताळणी एकदा होऊन संपली असं वाटतं. प्रत्यक्षात सभासदत्व पाच वर्षांचं आणि मधे केव्हाही काढून घेऊ शकतात. ‘सभासद’ शब्द लेखात वापरा, कारण इंग्रजीत पण ते मेंबरशिपच म्हणतात. आणि प्रत्येकाचं वेगळं, नवऱ्याच्या कार्डावर बायको नाही, आईच्या कार्डावर तान्हं बाळ पण नाही. अठरा वर्षांखालच्यांचा अर्ज आता फुकट आहे, आई किंवा वडील सभासद असतील किंवा बरोबरच अर्ज करत असतील तर.

पेन्शनर_नाशिक

आम्हा उभयतांचे एफटीआय-टीटीपी झालेले आहे, त्यामुळे लिहितो. योजना २२ जून २०२४ रोजी दिल्लीस सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळ आले. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचे) असणाऱ्यांसाठी. अर्ज ऑनलाईन, मग ठसे व फोटो एफआरआरओकडे (विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात) अथवा विमानतळावर द्यावे लागतात. मुदत पाच वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते. ज्येष्ठांनी आपल्या पासपोर्टची तारीख आधी पाहावी, अन्यथा वर्षभरात पुन्हा सगळे करावे लागेल. शब्दाबद्दल म्हणाल तर आमच्या मंडळात सगळे ‘गेट झालं का?’ असेच विचारतात. ई-गेटवरून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या दारावरून. ‘अहो तुमचं गेट झालं का’ म्हणजे मंजुरी आली का.

कृष्णाकाठची

‘गेट झालं का’ फारच आवडलं!! हेच खरं बोलीतलं.

ठरवलंय असं: शीर्षकात ‘पडताळलेले प्रवासी’, पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देवनागरीत, पुढं नुसतं ग्लोबल एन्ट्री आणि टीटीपी. फास्ट ट्रॅकला ‘जलदगती’, कारण जलदगती न्यायालय सगळ्यांच्या कानावर आहे, द्रुतगती म्हटलं की खंडाळ्याचा घाट आठवतो. इमिग्रेशन तसंच. क्रियापद ‘मंजूर होणे’, पण संवाद लिहिताना ‘काढली’ चालवून घेईन, कारण माणसं तसंच बोलतात आणि मी कोण थांबवणार. सशुल्क कुठंही नाही, ‘अर्जाचे पैसे’ म्हणेन आणि परत मिळत नाहीत हे ठळक. दस्तक आणि मुजाहीम चौकटीत.

दप्तरखान्यातला

चौकटीत तरी चौकटीत. मुजाहीमचा ‘ही’ दीर्घ ठेवा.

एडिसनचा बंड्या

ताई, आणि प्रीचेकचं बेल्ट-लॅपटॉपवालं खाली एका ओळीत टाका, सासूबाईंसाठी. त्या मागच्या वेळी ग्लोबल एन्ट्री आहे म्हणून पाण्याची बाटली घेऊन सिक्युरिटीत उभ्या होत्या.