'नाही म्हणायला शिकवा' एवढ्यानं भागत नाही

'घरी नीट समजावलं, ठामपणे नाही म्हणायला शिकवलं की मुलं मित्रांच्या नादी लागत नाहीत' असं मुलांवरच्या मित्रांच्या दबावाबद्दलच्या चर्चेत दोघा-तिघांनी लिहिलंय. समजवायला हवंच, पण तेरा-चौदाच्या वयात धोका मुलांना कळत असतो. मित्र बाजूला असले की गणित बदलतं. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवायच्या एका व्हिडिओ गेमवर हे तपासलं होतं. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मित्रांसोबत खेळताना एकट्यानं खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. २४ च्या पुढच्यांना मात्र सोबतीनं फारसा फरक पडला नाही. म्हणून मला वाटतं, नुसत्या उपदेशापेक्षा त्या क्षणी निसटायला वाट देणं जास्त उपयोगाचं.

माझा मुलगा आठवीत आहे. क्लास सुटला की त्याच्यातली पोरं दादरला सुटलेली लोकल धावत पकडतात, आणि जो थांबेल तो फट्टू. चारचौघांत 'मला भीती वाटते' म्हणणं तेरा वर्षांच्या पोराला किती जड जात असेल! मी त्याला सांगितलं, सगळं माझ्यावर ढकल. आता तो जिना उतरतानाच फोन कानाला लावतो, 'आईला कळवलं नाही तर मोबाइल काढून घेईल' म्हणतो आणि पुढच्या गाडीनं येतो. आई खडूस ठरली, ठरू दे. हल्ली आणखी एक मुलगा 'मलापण घरी फोन करायचाय' म्हणून त्याच्याबरोबर थांबतो, आणि दोघं असले की चिडवणंही फार टिकत नाही.