‘डॉक्टर’: न हसणारा नायक

कुणीतरी लिहिलंय की ‘डॉक्टर’ हा तमिळ सिनेमा नायक शिवकार्तिकेयनच्या विनोदामुळे चालला. मला उलट वाटतं. टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमातून वर आलेल्या या नटाला दिग्दर्शक नेल्सनने सिनेमाभर जवळपास हसूच दिलं नाही! तो लष्करी डॉक्टर, चेहरा इस्त्री केलेला. हशा मिळवतात योगी बाबू आणि रेडिन किंग्सली हे विनोदी नट. विषय मुलींच्या अपहरणाचा, तरी हसू येतं, हेच अवघड होतं. मेट्रोतली अंधारातली मारामारी तर कमालच. उत्तरार्ध गोव्यात जरा रेंगाळतो.

शिवाय ९ ऑक्टोबर २०२१ला सिनेमा आला तेव्हा कोविडमुळे तमिळनाडूत थिएटरं निम्म्या क्षमतेने चालू होती, तरी गर्दी झाली. आपल्याकडे महाराष्ट्रात तर थिएटरं त्या महिन्याच्या २२ तारखेला उघडली.