मदत हवी आहे : ट्यूब अँपचा भरदार टोन घरातल्या हळू आवाजात कसा मिळवावा?

माझ्याकडे गिटारचा १५ वॉटचा ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर (ट्यूबवर) चालणारा ध्वनिवर्धक आहे. त्याच्या प्रीअँपमध्ये (गिटारचा संकेत आधी वाढवणाऱ्या भागात) १२एएक्स७ आणि पॉवर विभागात (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या भागात) दोन ईएल८४ ट्यूब आहेत, १२ इंची एकच स्पीकर आहे आणि एकूण आवाज ठरवणारा मास्टर व्हॉल्यूमही आहे. मास्टर अर्ध्याच्या पुढे नेला की ज्या टोनसाठी हा अँप घेतला तो मिळतो : तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ निघतो, जोरात छेडली की त्याला खर येते आणि गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की ती खर आपोआप विरते. परंतु रात्री सरावाला बसताना मास्टर १ च्या आसपास ठेवून गेनवर (प्रीअँपमधल्या वाढीवर) भागवावे लागते. तेव्हा सहाव्या तारेचा घुमारा जातो आणि पहिल्या दोन तारांवर माशी गुणगुणावी तशी कोरडी चरचर उरते.

यात कानाचा भाग किती आणि अँपचा किती, हे पाहण्यासाठी मी एकच रिफ (सुरावटीचा छोटा तुकडा) मास्टर वर ठेवून आणि खाली ठेवून, अशी दोनदा ध्वनिमुद्रित केली व दोन्ही मुद्रणे सारख्याच हळू आवाजात ऐकली. खर्ज दोन्हींत दबलेला वाटला. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या आलेखांप्रमाणे हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, त्यामुळे तेवढी उणीव इक्वलायझरने भरून काढता येईल. चरचर मात्र फक्त दुसऱ्या मुद्रणात होती, म्हणजे पॉवर ट्यूब ताणल्या न गेल्याने पडणारा फरक खरोखरच आहे.

आता ॲटेन्युएटर (अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडून आवाज कमी करणारे उपकरण) घ्यावा असे मनात आहे, पण हिशेब मांडला की शंका येते. स्पीकरची संवेदनशीलता (एक वॉटला एक मीटरवर होणारा आवाज) ९८ डेसिबल धरली तर १५ वॉटला एक मीटरवर सुमारे ११० डेसिबल होतात. घरात मला ७० पुरेत, म्हणजे तब्बल ४० डेसिबल कमी करायचे आहेत. नुसत्या रोधाच्या ॲटेन्युएटरचा भार सर्व कंपनसंख्यांना सारखाच असतो. खऱ्या स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) खर्जातल्या अनुनादाजवळ आणि वरच्या पट्टीत वाढतो, म्हणून कंपनसंख्येनुसार भार बदलणारा रिअॅक्टिव्ह प्रकार त्याच्या अधिक जवळ जातो, हे मला समजते. तरीही एवढ्या कपातीनंतर स्पीकरचा कागद जेमतेम हलत असेल, तर पॉवर ट्यूबची गोलाई ऐकू तरी येते का? शिवाय तासन्‌तास पूर्ण ताणावर चालवल्याने ईएल८४ लवकर झिजतील, हीही काळजी आहे.

ज्यांनी रिअॅक्टिव्ह ॲटेन्युएटर ३० डेसिबलच्या पुढे वापरला आहे, त्यांनी चरचर कितपत गेली ते कृपया सांगावे. त्याऐवजी पॉवर ट्यूबचे व्होल्टेजच खाली आणणारी जोडणी कोणी करून घेतली असल्यास तिचा अनुभवही हवा आहे. स्पीकर काढून लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अँपचा भार घेणारे उपकरण) आणि हेडफोन लावण्याचा पर्याय मला माहीत आहे, आणि भाराविना अँप चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो हेही ठाऊक आहे. पण खोलीतली हवा हलवणारा स्पीकर सोडायची माझी तयारी नाही. उत्तरात आपल्या अँपचे वॉट आणि मास्टरची जागा लिहिल्यास तुलना करणे सोपे जाईल.