कोकणातल्या घरासाठी एकच मॉनिटर: आयपीएस की ओएलईडी?

जांभ्या दगड (धागाकर्ता)
दिवसा जीएसटीची बिलं नि एक्सेल, संध्याकाळी गेम, रात्री सिनेमा. हा सगळा भार एकाच पडद्यावर टाकायचा असेल तर माझं मत सरळ आहे: २७ इंची, २५६० × १४४० चा आयपीएस (मागून बॅकलाइट असलेला एलसीडी), १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र) वर कितीही. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो तो, आपल्याकडे घेऊ नये.

कारण वीज. साधारण ४ तास वापर झाला की ओएलईडी स्टँडबायमध्ये काही मिनिटं स्वतःचे पिक्सेल समतोल करून घेतो. आपल्याकडे वळवाचं गडगडायला लागलं की प्लग काढायचा, ही घराघरातली शिस्त. भिंतीवरचं बटण बंद झालं की ते काम राहूनच जातं. त्यात एक्सेलच्या रेघा आणि टास्कबार दिवसभर एकाच जागी. काही वर्षांनी त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटला तर नवल नाही.

आणि २७ इंचात १०८०पी (१९२० × १०८०) मात्र नको. इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात. सातबाऱ्याची पीडीएफ उघडा, बारीक जोडाक्षरं एकमेकांना चिकटलेली दिसतील. १४४०पीला १०९ येतात.

माजघर
"घेऊ नये" हे जरा जास्तच झालं. ते समतोल करणं, म्हणजे पिक्सेल रिफ्रेश, मॉनिटरच्या मेनूतून हाताने चालवता येतो. आधी तो, मग बटण. टास्कबार आपोआप लपणारा ठेवा, ब्राइटनेस कामापुरता १२० निट्सच्या (उजेडाचं माप) आसपास आणा, वॉलपेपर काळा. शिवाय काही कंपन्या ३ वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इनही (तो कायमचा ठसा) धरतात. बिल घेण्याआधी ते लेखी बघा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१. चिरेबंदी घरातल्या अंधाऱ्या खोलीत दिवा मालवून सिनेमा लावा, काळं आकाश राखाडी दिसतं आणि कोपरे उजळतात. ओएलईडीत काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. गेममध्ये हलत्या चित्रामागे शेपूटही राहत नाही. आणि आयपीएसच्या खोक्यावर 'एचडीआर ४००' (उजळ-गडद चित्राचा शिक्का) दिसलं म्हणून हुरळू नका. बहुतेकांत भाग-भाग मंद करणारी बॅकलाइटच नसते.

जांभ्या दगड
@माजघर, अंधारी खोली धरून चाललात. लोक टेबल मांडतात पडवीत किंवा खिडकीशी, उजेडासाठी. क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्या प्रकारात बऱ्याच पॅनलांवर पोलरायझर (बाहेरच्या उजेडाची चमक अडवणारा थर) नसतो, त्यामुळे समोरून उजेड आला की काळा रंग जांभळट राखाडी होतो. मग कॉन्ट्रास्टचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय त्यात लाल-हिरवा-निळा सरळ ओळीत नसतात, म्हणून काळ्या अक्षरांना रंगीत किनार दिसते. आठ तास आकडे वाचणाऱ्याला ती डोळ्यात खुपते.

तारकर्लीचो
आणि बिल कोण भरतलो? तुम्ही दोघांनी व्हीए पॅनलचं (हाही एलसीडीचाच प्रकार) नावच काढलं नाही. कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या घरात, किंमत आयपीएसच्या आसपास, बर्न-इनची भानगड नाही. मुख्य दोष एकच: अंधाऱ्या दृश्यात काही हललं की मागे काळा फराटा येतो. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल जलद बदलायला लावणारी मेनूतली सोय) मधल्या पायरीवर ठेवा. शेवटच्या पायरीवर नेलं की फराटा जाऊन उजळ कडा येते, ती त्याहून वाईट. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने व्हीए टाळावा, बाकीच्यांनी का टाळावा?

माजघर
नेमबाजीचे गेम म्हणजेच निम्मे गिऱ्हाईक की हो!

अर्थिंग आधी
पॅनलवर भांडण चाललंय, पण इथे मॉनिटर मरतात ते मागच्या बाजूने. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगवर चालतो. अर्थिंग नसेल तर त्याचा बराचसा उपयोग जातो. मे महिन्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून तिथे अधूनमधून बादलीभर पाणी घाला. वीज फक्त प्लगमधून येत नाही, इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून राउटर, संगणक करत एचडीएमआयपर्यंत पोचते. गडगडाटात तीही काढा.

समुद्राजवळ खारा वारा थेट मागच्या जाळीवर येईल असं टेबल मांडू नका; पोर्टचे दात हिरवट पडतात आणि चित्र अधूनमधून जातं. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा. पुसताना फवारा पडद्यावर नको, कापडावर मारा. थेंब ओघळून खालच्या पट्टीत गेला तर तिथलं सर्किट जातं, आणि पॅनल बदलणं म्हणजे जवळजवळ नवा मॉनिटर.

माजघर
हे पटलं. पण यातलं काहीच ओएलईडीच्या विरोधात नाही, तिन्हींना सारखंच लागू आहे.

केबल तपासा
४के (३८४० × २१६०) कोणी काढलं नाही म्हणून. २७ इंचात ४के १५० टक्के स्केलवर जागा १४४०पीइतकीच देतं, अक्षरं मात्र छापल्यासारखी. पण ग्राफिक्स कार्डाला २.२५ पट पिक्सेल काढावे लागतात. मध्यम कार्ड गेममध्ये धापा टाकतं. जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ असेल तर ४के ३० हर्ट्झवरच चालतं, माउसचा बाणसुद्धा अडखळतो. पीएस५ जोडणार असाल तर व्हीआरआरसाठी (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचे हर्ट्झ बदलणं) मॉनिटरला एचडीएमआय २.१ हवं.

आणि जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगात 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडून हर्ट्झ बघा. १४४ चा मॉनिटर ६० वर चालवणारे बरेच आहेत.

तारकर्लीचो
@केबल तपासा, ४के व्हीए ३२ इंचात मिळतो. इंचाला १३८ पिक्सेल. कार्डाचं काय ते गेममध्ये रिझोल्यूशन उतरवून भागवा, एक्सेलला कुठे कार्ड लागतं?

जांभ्या दगड
३२ इंच? आधी टेबल मोजा. पडदा आणि डोळे यांत हातभर अंतर राहत नसेल तर मान दुखेल, नि तो खर्च कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.