मदत हवी आहे : मिशिगनमधला जुना टो-ट्रक घ्यावा का? खालून गंजाची शंका येते आहे

नमस्कार मंडळी,

डेट्रॉइटजवळ राहतो. मेव्हणा आणि मी मिळून टोइंगचा (बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा) धंदा सुरू करतोय, पहिली गाडी जुनीच घ्यायची आहे. एक पाहून आलो : २०१४ ची फोर्ड एफ-५५०, ६.७ लिटर डिझेल, मागे स्टीलचा रोलबॅक बेड (गाडी चढवायला मागे सरकून तिरका होणारा सपाट हौदा). पहिल्याच किल्लीला सुरू झाली, विंच (गाडी तारेने ओढायचं यंत्र) छान ओढते, केबिन स्वच्छ. पण गाडी जन्मापासून इथलीच, म्हणजे सगळे हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात गेलेले.

मी मूळचा रत्नागिरीचा. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज पापुद्रे सुटत सुटत कसे बारीक होतात ते लहानपणापासून पाहिलंय. इथे प्रकरण त्याहून वाईट आहे. कडाक्याची थंडी असली की साध्या मिठाचा उपयोग होत नाही, म्हणून कॅल्शियम क्लोराइडचं पाणीही मारतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे सांध्यांत बसलेला चिखल नीट वाळतच नाही. आणि लोक बर्फात अडकतात तेव्हाच तर टो-ट्रक रस्त्यावर असतो.

मला खटकलं ते हे, की चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) खालून अगदी ताजा काळा रंग आहे. विकणारा म्हणतो, गंज लागू नये म्हणून मारलाय. दुसरी तशीच गाडी टेनेसीत चॅटनूगाला आहे (टो-ट्रकचा शोध १९१६ मध्ये तिथलाच!). ती बरीच महाग, शिवाय आय-७५ महामार्गावरून सुमारे ६०० मैल जाऊन आणायची. इथलीच घेऊन थोडं वेल्डिंग करून घेतलं तर चालेल का? तपासताना नेमकं काय बघू?

प्रतिसाद :

ओहायोत ट्रक दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सांगतो. ताजा काळा रंग म्हणजे काहीच कळत नाही असं समजा. गंज न खरवडता वरून जाड थर दिला असेल तर ओल आतच कोंडते.

परवानगी घ्या आणि हातोडी घेऊन जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि खपल्या पडतात. बेड उचलून मागे सरकवायला सांगा आणि चॅसी व बेडची सबफ्रेम (बेडखालची चौकट) जिथे एकमेकांवर बसतात तिथे बॅटरी मारा. मीठ तिथेच साचतं. गंज फुगून दोन पत्र्यांमध्ये फट पडली असेल तर पुढचं बघूच नका. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर (पाटे चॅसीला अडकवणारे कंस) नक्की ठोका, कारण मागे गाडी लटकवली की भार तिथेच येतो. ब्रेकचे पाइप, डिझेल टाकीचे पट्टे, हायड्रॉलिकचे लोखंडी पाइप हेही बघा. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खड्डे पडले असतील तर सील टिकणार नाहीत.

ब्रेकचे पाइप तांबे-निकेलचे टाकता येतात, तो खर्च समजण्यासारखा आहे. चॅसी मात्र ठिगळ लावून वाचत नाही. भोकाच्या आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो, वेल्डिंग धरणार कशाला?

मूळ प्रश्नकर्ता :

आज जाऊन आलो. मागच्या उजव्या हँगरवर तिसऱ्या ठोक्याला तळहाताएवढी खपली पडली, आतून तपकिरी भुगा. विकणारा गप्प झाला. मेव्हण्याला वाईट वाटलं, कारण पैसे वाचणार होते. शुक्रवारी चॅटनूगाला निघतोय, हातोडी बरोबर आहेच. एकच विचारतो : ती आणल्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर द्यायचा तर बेड उतरवावा लागेल का?

प्रतिसाद :

नाही. पहिल्या बर्फाआधी चॅसी धुऊन पूर्ण वाळवा, बेड उचला आणि लांब नळीने सबफ्रेमच्या फटीत तेल मारा. दर वर्षी परत मारावं लागतं. दिव्यांच्या कनेक्टरांना ग्रीस लावा. आणि बेडला पक्का आधार दिल्याशिवाय खाली हातसुद्धा घालू नका. जुनं हायड्रॉलिक कधी खाली बसेल सांगता येत नाही.