यीस्टच्या पुटिका 'उत्सर्जित' की 'स्रवित'?

पानोपानी: यीस्टच्या पेशी पटलानं वेढलेल्या अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात, त्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मी 'उत्सर्जित पुटिका' लिहिलं, संपादकांनी 'स्रवित' केलं. म्हणे उत्सर्जन टाकाऊचंच असतं. मग प्रकाशाचं उत्सर्जन कसं चालतं?

सूक्ष्मदर्शी: संपादक बरोबर आहेत. क्रिप्टोकॉकस हे रोगकारक यीस्ट आपल्या संपुटाची (पेशीभोवतालच्या जाड आवरणाची) पॉलिसॅकराइडं, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्या, या पुटिकांतूनच पेशीभित्तीपलीकडे धाडतं. हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. कॅन्डिडा या दुसऱ्या रोगकारक यीस्टची गोष्ट तर भारीच. पुटिका नीट न बनवणाऱ्या उत्परिवर्ती पेशींची बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा पेशींचा थर) फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधापुढे टिकत नाही. तिला धडधाकट पेशींच्या पुटिका पुरवल्या की ती औषधाला पुन्हा दाद देत नाही, कारण बायोफिल्मला धरून ठेवणारं मॅनन-ग्लुकन हे पॉलिसॅकराइड पुटिकांतून येतं. हा काय कचरा?

आडमुठा: कचराही असतो. लाल रक्तपेशी परिपक्व होताना नको झालेले ट्रान्सफेरिनचे (लोह वाहणाऱ्या प्रथिनाचे) ग्राही, म्हणजे ते पकडणारे पटलावरचे रेणू, अशाच पुटिकांतून बाहेर टाकते. तिथं 'उत्सर्जन' चपखल. शिवाय द्रव स्रवतो, पुटिका कशी स्रवेल? सरळ 'सोडलेल्या' लिहा.

सूक्ष्मदर्शी: रक्तपेशीचं यीस्टला लावू नका. साध्या बेकरी यीस्टच्या पुटिकांत भित्तीचं ग्लुकन आणि कायटिन घडवणारी विकरं सापडलीत. बांधकामाचं सामान कुणी टाकून देतं का?

शुद्धमती: 'यीस्ट'च का? 'किण्व' आहे की.

आडमुठा: किण्व म्हटल्यावर किती वाचकांना कळेल?

कोशवेडा: मला 'पुटिका'च खटकते, पुटकुळी आठवते.

शुद्धमती: आठवू दे! पुटिका म्हणजे इंग्रजीतलं 'व्हेसिकल'. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मूत्राशय, आणि कांजिण्यांच्या पाणीदार फोडालाही डॉक्टर तोच इंग्रजी शब्द वापरतात. पुट म्हणजे पोकळी, द्रोण. पर्णपुट, नासापुट, वर आलेलं संपुटही त्याच घरचं.

कोशवेडा: आणि धुळीची पुटं चढतात ती? तिथं तर थर आहे, पोकळी कुठंय?

पानोपानी: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. उत्सर्जित, स्रवित की सोडलेल्या?

कोशवेडा: माझ्या मते 'पुटपुटणे'ही त्यातलंच. ओष्ठपुटातून निघतं ते.

शुद्धमती: छे, तो निव्वळ ध्वनी आहे. कुजबुज, गुणगुण तशी पुटपुट.

कोशवेडा: मग 'ओठ' सोडून दुसरीकडून पुटपुटून दाखवा.